मेंदूविकार असलेल्या मुलाचा सांभाळ घरात वाटून कसा घ्यावा

अपस्मार (म्हणजे वारंवार फिट येणे), सेरेब्रल पाल्सी (म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली बिघडणे), नसा आणि स्नायू दुबळे करत नेणारे आनुवंशिक आजार किंवा मेंदूज्वरानंतर मागे राहिलेले अपंगत्व, यांपैकी काहीही मुलाच्या वाट्याला आले की घरातले एक माणूस, आणि बहुतेक घरांत ती आईच असते, हळूहळू त्या मुलाचे चालतेबोलते दप्तर होऊन बसते. कोणते औषध किती वाजता द्यायचे, कोणत्या कुशीवर झोपवले तर रात्र बरी जाते, घास केवढा असला तर ठसका लागत नाही, पुढची तपासणी कधी आहे, हे सगळे तिच्या एकटीच्या डोक्यात साठत जाते. बाकीची माणसे मनापासून विचारतात, 'काही मदत करू का?' आणि त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे ठरवण्याचे आणखी एक काम तिच्यावर पडते.

आमच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आणि अपस्मार असे दोन्ही आहे. तिच्या आयुष्याची पहिली तीन वर्षे मी रोज संध्याकाळी घरी आल्यावर 'औषध दिले का?' असे विचारत असे आणि ते विचारणे हाच माझा वाटा आहे असे मला वाटत असे. एकदा पत्नी तापाने दोन दिवस उठू शकली नाही. सिरपची बाटली कोणत्या कप्प्यात असते हे मला ठाऊक होते, पण ती आधी नीट हलवून घ्यावी लागते हे ठाऊक नव्हते. काही सिरपांमध्ये औषध तळाशी बसते. बाटली न हलवता दिले तर सुरुवातीचे डोस कमी पडतात आणि शेवटचे जास्त होतात. तिने अंथरुणातूनच ते सांगितले म्हणून निभावले. सांभाळाची वाटणी म्हणजे दुसऱ्याच्या कामाला हात लावणे नव्हे, तर एखादे काम त्याच्या आठवणीसकट, काळजीसकट आणि जबाबदारीसकट आपल्या अंगावर घेणे, हे मला त्या दोन दिवसांत कळले. पुढे जे लिहिले आहे ते सगळे त्यातूनच आले आहे.

आधी डोक्यातले कागदावर

हातांची वाटणी करण्याआधी माहितीची वाटणी करावी लागते. त्यासाठी एक जाड वही घ्यावी आणि मुख्य सांभाळ करणाऱ्या व्यक्तीने बोलावे व दुसऱ्याने लिहून घ्यावे. तिनेच लिहीत बसावे अशी अपेक्षा ठेवू नये. एक तर तिला वेळ नसतो, आणि दुसरे म्हणजे ज्या गोष्टी तिच्या अंगवळणी पडल्या आहेत त्या सांगण्यासारख्या आहेत हे तिच्या लक्षातच येत नाही. एक पूर्ण दिवस तिच्या मागे मागे राहून, ती जे करते ते पाहून, 'हे असे का?' असे विचारत लिहिले तर वही खरी होते.

वहीचे पहिले पान आणीबाणीचे असावे. त्यावर मुलाचे नाव, जन्मतारीख, निदान, चालू औषधे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक आणि मुलाचे वजन, वजन केल्याच्या तारखेसह, लिहावे. लहान मुलांचे बहुतेक डोस वजनावर ठरतात, त्यामुळे आठ महिन्यांपूर्वीचे वजन तारखेविना लिहिलेले असेल तर ते दिशाभूल करते. या पानाची एक प्रत मुलाच्या पिशवीत आणि एक फोटो घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या फोनमध्ये हवा.

औषधांच्या पानावर मात्र थोडे जास्त थांबावे. आपण सिरप मोजतो मिलीलिटरमध्ये, पण औषधाचे प्रमाण असते मिलीग्रॅममध्ये, आणि एकाच नावाचे सिरप वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळू शकते. बाटली बदलली तर तेवढ्याच ५ मिलीमध्ये औषध दुप्पटही असू शकते. म्हणून नुसते 'सकाळी ५ मिली' असे लिहू नये. औषधाचे नाव, बाटलीवर छापलेली तीव्रता, मिलीग्रॅम आणि मिली, हे चारही लिहावे आणि नवी बाटली उघडताना ते ताडून पाहावे. मोजण्यासाठी घरातला चमचा न वापरता तोंडाने औषध देण्याची सिरिंज वापरावी. ज्या गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात त्या कुटून देऊ नयेत, कारण मग सगळे औषध एकदम सुटते; आपल्या मुलाच्या गोळ्यांपैकी अशा कोणत्या आहेत हे विचारून त्यांच्यापुढे ठळक खूण करावी. एखादा डोस चुकला तर किती उशिरापर्यंत द्यायचा आणि औषध दिल्यावर उलटी झाली तर काय करायचे, याची उत्तरे डॉक्टरांकडून आधीच घेऊन त्याच पानावर लिहावीत. रात्री अकरा वाजता नवख्या माणसाला याच दोन प्रश्नांनी घाम फुटतो.

वाटणीमुळे एक नवाच धोकाही निर्माण होतो, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. एकच माणूस औषध देत असते तेव्हा डोस दोनदा जाण्याची शक्यता कमी असते. दोघे देऊ लागले की दोघांनीही दिले किंवा दुसऱ्याने दिले असेल असे समजून कोणीच दिले नाही, असे होऊ शकते. यावर उपाय साधा आहे, पण तो न चुकता पाळावा लागतो. औषधाच्या जागीच तक्ता लावावा आणि औषध पोटात गेल्याबरोबर, सिरिंज धुण्याच्याही आधी, वेळ आणि आपली सही करावी. तक्त्यावर खूण नसेल तर अंदाज न बांधता घरातल्या दुसऱ्या माणसाला फोन करून विचारावे.

फिट आल्यावर काय करायचे हे प्रत्येकाला यायलाच हवे

बाकीची कामे वाटून घेता येतात, हे मात्र वाटण्याचे काम नाही. मुलाला अपस्मार असेल तर आजी-आजोबांपासून काका-मावशीपर्यंत जे जे कोणी त्याच्याजवळ एकटे थांबणार असतील, त्या प्रत्येकाला फिट हाताळता आली पाहिजे.

पहिले काम घड्याळ पाहण्याचे. त्या क्षणी अर्धा मिनिटही दहा मिनिटांसारखा वाटतो, त्यामुळे मनाच्या अंदाजावर विसंबून चालत नाही. मुलाला सपाट जागी कुशीवर वळवावे म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर येते, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि आसपासच्या टणक वस्तू दूर साराव्यात. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, कापड किंवा बोट, काहीही घालू नये. जीभ गिळली जाईल ही भीती निराधार आहे, पण दात तुटण्याचा आणि गुदमरण्याचा धोका खरा आहे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी किंवा तोंडाने औषध देऊ नये. मूल चाकाच्या खुर्चीत पट्ट्याने बांधलेले असताना फिट आली तर सहसा त्याला घाईने बाहेर ओढून काढू नये. खुर्चीचे ब्रेक लावून डोके सांभाळून धरावे, आणि श्वासाला अडथळा होत असेल तरच बाहेर घ्यावे.

पाच मिनिटांची रेघ मात्र सगळ्यांच्या मनावर कोरलेली असावी. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या जागतिक संघटनेने २०१५ साली केलेल्या व्याख्येनुसार सर्वांगाला झटके देणारी फिट पाच मिनिटांपलीकडे गेली तर ती आपोआप थांबेल असे धरून न चालता उपचार सुरू करायचे असतात, आणि तीस मिनिटांपलीकडे मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी गालाच्या आत किंवा नाकात देण्यासाठी मिडाझोलम किंवा फिट थांबवणारे तत्सम औषध लिहून दिले असेल तर ते कोणत्या मिनिटाला, किती आणि कसे द्यायचे, हे प्रत्येकाने डॉक्टरांकडून किंवा नर्सकडून प्रत्यक्ष पाहून शिकावे आणि दिल्यानंतर मुलाच्या श्वासावर लक्ष ठेवावे. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, एक संपून शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, श्वास घेणे कठीण झाले, मार लागला किंवा फिट पाण्यात आली, तर लगेच रुग्णवाहिका बोलवावी.

घरात दोन माणसे असतील तर कोणी काय करायचे हे आधीच ठरलेले असावे. एकाने मुलापासून हलू नये. दुसऱ्याने वेळ नोंदवावी, औषध आणावे, फोन करावा आणि शक्य असेल तर व्हिडिओ घ्यावा. फिट कोणत्या बाजूने सुरू झाली, डोळे कुठे वळले, आधी ताठ झाले की आधी झटके आले, हे डॉक्टरांना शब्दांपेक्षा त्या व्हिडिओतून लवकर कळते. महिन्यातून एकदा याची कोरडी तालीम करावी आणि तेव्हाच औषधाची मुदत संपण्याची तारीखही पाहावी.

भरवणे, उचलणे, झोपवणे

अशी कामे नुसती वाचून येत नाहीत. आमच्याकडे चार पायऱ्यांची रीत उपयोगी पडली. शिकणाऱ्याने आधी पाहावे, मग जाणत्या माणसाबरोबर मिळून करावे, मग ती समोर असताना एकट्याने करावे आणि शेवटी ती शेजारच्या खोलीत असताना करावे. ही शेवटची पायरी बहुतेक घरांत गाळली जाते. ती समोर असेपर्यंत शिकणारा तिच्या चेहऱ्याकडे पाहतो, मुलाच्या चेहऱ्याकडे नाही.

भरवताना मूल शक्य तितके सरळ बसलेले असावे आणि डोके मागे झुकलेले नसावे, कारण मान मागे गेली की अन्न श्वासनलिकेकडे जाण्याची शक्यता वाढते. भरवणाऱ्याने उभे न राहता समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. वरून घास आला की मूल आपोआप मान वर करते. घास लहान द्यावा आणि आधीचा गिळला गेल्याचे पाहूनच पुढचा द्यावा. खोकला, डोळ्यांत पाणी, घशातून ओला घरघरता आवाज ही थांबण्याची चिन्हे आहेत. काही मुलांना मात्र अन्न श्वासनलिकेत गेले तरी खोकलाच येत नाही, त्यामुळे छातीत वारंवार संसर्ग होत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी. जेवण झाल्याबरोबर आडवे करू नये. अन्न किती पातळ किंवा किती घट्ट असावे हे थेरपिस्टने ठरवले असेल तर ते घरातल्या प्रत्येकासाठी सारखेच असते. 'आज माझ्या हातून थोडे पातळ चालेल' असे त्यात नसते.

उचलण्याची पद्धत आजारानुसार बदलते. ताठर स्नायूंच्या मुलाचे पाय घोट्याला धरून फाकवण्याचा प्रयत्न केला तर ते आणखी घट्ट होतात; गुडघे आणि कंबर हळूच वाकवून, वरच्या भागाला आधार देत, स्नायू सैल पडण्याची वाट पाहावी. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आजारात उलट परिस्थिती असते. खांद्याचे स्नायू इतके दुबळे असतात की काखेत हात घालून उचलले तर मूल हातांतून खाली निसटू शकते. उचलणाऱ्याने स्वतःचे गुडघे वाकवावेत, मुलाला अंगालगत घ्यावे आणि वजन हातात असताना कमरेतून वळू नये. आजोबांची पाठ दुखरी असेल तर त्यांनी हे काम घेऊ नये, त्यांच्याकडे दुसरे काम द्यावे. आणि मूल मोठे झाले की एकट्याने उचलणे बंद व्हायलाच हवे, मग सवय कितीही असो. स्प्लिंट, म्हणजे हातपाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा साचा, काढल्यावर कातडी पाहणे हे काढणाऱ्याचेच काम असते. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट कुठेतरी रुततो आहे असे समजून तो तज्ज्ञाला दाखवावा.

काम अख्खे द्यावे, तुकड्याने देऊ नये

'फिजिओथेरपीला घेऊन जा' हा कामाचा तुकडा झाला. थेरपीची वेळ ठरवणे, ती लक्षात ठेवणे, नेणे, तिथे शिकवलेला व्यायाम स्वतः शिकून घेणे, तो घरी करून घेणे आणि पुढच्या भेटीत काय विचारायचे ते टिपून ठेवणे, हे अख्खे काम झाले. तुकडे वाटले की धावपळ कमी होते, पण सगळे लक्षात ठेवण्याचे ओझे जिथल्या तिथे राहते. औषधे संपण्याआधी आणून ठेवणे हेसुद्धा असेच एक अख्खे काम आहे, कारण फिटची औषधे अचानक बंद पडली तर न थांबणारी फिट येऊ शकते. एका व्यक्तीने ते घ्यावे आणि दहा दिवसांचा साठा उरला की इतर कोणी आठवण न करता औषध घरात आलेले असावे.

दूर राहणाऱ्या नातेवाइकांच्या वाट्यालाही अशी कामे येऊ शकतात. डॉक्टरांच्या वेळा घेणे, जुने अहवाल तारखेनुसार लावून ठेवणे, विम्याचे आणि शाळेचे अर्ज भरणे, खर्चाचा हिशेब ठेवणे, यासाठी घरात असावे लागत नाही. मुलाची तब्येत कशी आहे हे साऱ्या नातेवाइकांना कळवण्याचे काम एखाद्या आत्याने घेतले तरी आईचे रोजचे कितीतरी फोन वाचतात.

रात्रीची वाटणी मी सर्वांत वर ठेवतो. रात्रभर दोघेही अर्धवट जागे राहिले तर सकाळी दोघेही निकामी होतात. त्यापेक्षा रात्रीचे दोन भाग करावेत, एकाने दोनपर्यंत आणि दुसऱ्याने दोननंतर पाहावे, आणि ज्याची पाळी नाही त्याने शक्य असल्यास दुसऱ्या खोलीत दार लावून झोपावे. पलीकडे झोपलेल्या माणसाला प्रत्येक हालचालीला उठायची सवय झालेली असते. ती मोडायला आमच्याकडे महिनाभर गेला. अपुरी झोप हे मुलाच्या फिटचेही एक कारण असते, त्यामुळे रात्रीची शिस्त ही सगळ्यांच्याच कामी येते.

जिच्या हातून काम दुसऱ्याकडे जाते तिच्यासाठीही येथे एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती मी पूर्ण आदराने सांगतो. काम सोपवल्यावर दुसऱ्याची पद्धत वेगळी असणारच. यासाठी वहीत दोन प्रकारच्या सूचना वेगळ्या ठेवाव्यात. डोस, वेळ, बसवण्याची पद्धत, अन्नाचा घट्टपणा, अंघोळीच्या वेळी पाण्यात एकटे न सोडणे, या गोष्टींत तसूभरही फरक चालणार नाही. कपडे कोणते, गाणे कोणते, आधी अंघोळ की आधी व्यायाम, यात ज्याचे काम त्याची रीत चालू द्यावी. या दुसऱ्या यादीतल्या गोष्टींवर रोज दुरुस्त्या होऊ लागल्या की शिकणारा माणूस हळूहळू मागे सरतो आणि सगळे पुन्हा एकीकडे गोळा होते.

दुखते कुठे, हे कोण ओळखणार

बोलू न शकणाऱ्या मुलाचे दुखणे आईला कळते आणि इतरांना कळत नाही, हा वाटणीतला फार मोठा अडसर असतो. यावर रुग्णालयांत वापरली जाणारी फ्लॅक नावाची मोजपट्टी घरीही कामाची ठरते. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देऊन एकूण दहापैकी अंदाज घेतला जातो. तिच्या सुधारित रूपात आईवडील आपल्या मुलाची खास चिन्हे त्यात जोडू शकतात. आमची मुलगी दुखत असताना रडत नाही. ती डावी मूठ घट्ट आवळते आणि एकदम गप्प होते. पाहुण्याला ती शहाण्यासारखी बसली आहे असे वाटेल. ही एक ओळ वहीत आली त्या दिवसापासून तिची मावशी तिच्याजवळ एकटी थांबू लागली.

भावंडांना औषध देण्याची किंवा रात्री लक्ष ठेवण्याची जबाबदारी देऊ नये. फिट आली तर मोठ्या माणसाला हाक मारायची आणि ताईजवळ किंवा दादाजवळ थांबायचे, इतके त्यांना शिकवले तरी पुरे. हा आजार आपल्यामुळे झाला नाही आणि तो आपल्याला लागणार नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण लहान मुले असे प्रश्न मनात ठेवतात आणि विचारत नाहीत.

पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गॉर्टर यांनी २०१२ साली अपंग मुलांच्या संगोपनाचा विचार करण्यासाठी सहा शब्द पुढे केले, ते म्हणजे कार्यक्षमता, कुटुंब, तंदुरुस्ती, मजा, मित्र आणि भविष्य. आमच्या वहीत तोवर पहिल्या तीन गोष्टींचीच कामे होती. मजा कोणाच्याच नावावर नव्हती. आता शनिवारची संध्याकाळ तिच्या काकांकडे आहे. त्या दोन तासांत व्यायाम नाही, बोलायला शिकवणे नाही, फक्त खेळ. त्यालाही कामाइतकेच महत्त्व द्यावे आणि दुसरे काम आले म्हणून ते आधी रद्द करू नये.

वाटणी दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावी. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची मूळ इजा वाढत जात नाही, पण मूल वाढते, वजन वाढते, सांधे आणि स्नायू बदलतात. वाढत जाणाऱ्या आजारांत तर काल जमणारे काम आज जमत नाही. त्या बैठकीत मुलालाही घ्यावे. कोणाच्या हातून अंघोळ करायला आवडते, कोणाच्या हातून नको वाटते, हे विचारावे. वय वाढेल तसा संकोच येतो आणि तो मानायचा असतो. शब्द नसतील तर डोळ्यांनी निवडता येते. आमच्याकडे घरातल्या प्रत्येकाचा फोटो एका फळीवर लावलेला आहे. रोज संध्याकाळी त्या रात्री तिच्याजवळ कोण झोपणार आहे त्याचा फोटो तिच्या खाटेजवळ लावतो, आणि कधी कधी ती त्याच्याकडे न पाहता फळीवरच्या दुसऱ्याच फोटोकडे पाहत राहते, तेव्हा पाळी बदलतो.